म्हस समोर, धार समोर

सूर्य पूर्वेला उगवतो, ही गोष्ट जगातल्या यच्चयावत माणसांनी निमूटपणे मान्य केलेली आहे. एकट्या आमच्या थोरल्या साडूंनी केलेली नाही. "कोण म्हणतं? कशाच्या आधारावर म्हणतं? त्याची नोंद कुठं हाय?" असं विचारल्याशिवाय त्यांनी आजवर कुठलीही गोष्ट कानातून आत घेतलेली नाही. स्वतःच्या लग्नात, मुहूर्त झाला असं भटजींनी सांगितल्यावर, ह्या माणसानं अंतरपाटाच्या पलीकडून हात लांब करून पंचांग मागवलं होतं म्हणे. मंडळी मुठीत अक्षता धरून ताटकळली, वाजंत्रीवाले फुंकायचे थांबले, आणि आमच्या सासऱ्यांनी त्या दिवशी कपाळाला जो हात लावला तो पुढं आयुष्यभर अधूनमधून लावतच राहिले. अर्थात हे सगळं मी ऐकलेलं आहे. म्हणजे साडूंच्या हिशेबानं ते घडलेलंच नाही.

साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. भाऊ वाटणीला येतो, मेहुणा मानपानाला येतो, साडू आपला नुसताच येतो. ह्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडू कोल्हापूरच्या कोर्टात वकील. आधी चारचौघांसारखी वकिली करायचे, बांधाची भांडणं, भाडेकरूंची भांडणं, भावाभावांची भांडणं. मग माहिती अधिकाराचा कायदा आला आणि पंचेचाळिशी उलटलेले आमचे साडू एकदम वयात आले. कायद्याचं ते पातळ पुस्तक त्यांनी खिशात ठेवायला सुरुवात केली, ती आजतागायत. शर्ट बदलतात, पुस्तक तेच. सरकारदरबारी जो कागद आहे तो लोकांचा आहे, आणि आपला कागद बघायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, हे त्यांना कळलं आणि पैसे देणाऱ्या पक्षकारांचे दावे सोडून ते फुकटचे अर्ज लिहायला लागले. आक्का म्हणाली, "आता काय, संपलं." पण संपलं काही नाही, तिथून सुरूच झालं.

आणि मी कोण? मी सरकारी नोकर! आता निवृत्त, पण तेव्हा एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. म्हणजे बघा, उंदराच्या घरी मांजराची सोयरीक. आमच्या कचेरीत साडूंचा पहिला अर्ज आला तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं, अर्ज माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे तुमचे कोण लागतात?" मी म्हणालो, "लांबचे आहेत, साहेब. येणं-जाणं फारसं नाही." एवढ्यात दार ढकलून साडू आत. "काय पावणं! डबा खाल्लासा का? आक्कानं तुमच्यासाठी खर्डा दिलाय." साहेबांनी एकदा खर्ड्याच्या पुडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. त्या वर्षी माझी बदली चंदगडला झाली. दोहोंचा काही संबंध होता का, हे मला कळलं नाही. साडू मात्र लगेच कागद-पेन घेऊन बसले होते, "बदलीची कारणं मागूया की!" मी त्यांचे पाय धरले. अक्षरशः धरले. चंदगडच्या पुढं बदली करायला महाराष्ट्रच उरलेला नव्हता.

त्यांची खरी करामत बघायची तर ती पाहणीच्या दिवशी. नुसत्या नकला मागणारे अर्जदार पुष्कळ असतात. साडूंना नक्कल चालत नाही. त्यांना मूळ कागद डोळ्यांनी बघायचा असतो, आणि तसा हक्क कायद्यानं दिलेला आहे हे ते वॉचमनपासून साहेबापर्यंत प्रत्येकाला नव्यानं समजावून सांगतात. सोमवारी दुपारी जेवणाचा डबा, नाकाला बांधायला पंचा, धूळ झटकायला रंगाऱ्याचा मऊ ब्रश, भिंग आणि एक मोठी पुडी भडंग असा सरंजाम घेऊन ते रेकॉर्डरूमला जातात. लाल कापडात बांधलेली दप्तरं खाली काढतात. आम्ही त्यांना रुमाल म्हणतो. एकदा बांधलेला रुमाल बांधणाऱ्याच्या निवृत्तीपर्यंत सुटू नये अशी आमच्याकडची रीत. साडू ते सोडतात, ब्रशनं एकेक पान झटकतात, फाटलेल्या पानाला पातळ खळ लावून कागदाची पट्टी चिकटवतात आणि काम झाल्यावर तो रुमाल असा काही चापूनचोपून बांधतात, की कारकुनाला स्वतःची लाज वाटावी. मग सगळ्यांना भडंग. पहिल्या वर्षी त्यांना बघून कारकून मागच्या दारानं चहाला पळायचे. दोन-तीन वर्षांत उलटंच झालं. एके दिवशी आमच्याच कचेरीतला एक अव्वल कारकून संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन उभा, घामाघूम. "वकीलसाहेब, उद्या मंत्रालयातनं माणूस येणाराय. ती जुनी फाइल तुम्ही मागं बघितली होती नव्हं? ती आमच्याकडं नक्की कुठं हाय?" साडूंनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खिडकीजवळचं कपाट, खालनं दुसरा खण, उंदरानं कोपरा खाल्लेला रुमाल." फाइल तिथंच होती. त्या कारकुनानं दुसऱ्या दिवशी नारळ आणून दिला. साडूंनी त्याला नारळाची पावती दिली.

एवढं सगळं ते कशासाठी करतात, हे समजून घ्यायचं तर त्यांच्याबरोबर दुधाच्या कट्ट्यावर जायला हवं. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात. फेसाळलेलं, कोमट, म्हशीच्या अंगाची ऊब असलेलं दूध. साडू रोज तिथं जातात आणि पहिल्या घोटाला ओठांवर पांढरी मिशी उमटली की त्यांचं भाषण सुरू होतं. "पावणं, सरकार कसं पायजे? हे असं पायजे! म्हस समोर, धार समोर, पेला समोर. मदी आडपडदा न्हाय. आपलं सरकार काय करतंय? पडद्यामागं जातंय, आनि भरलेला पेला घेऊन येतंय. आता त्यात दूध किती, पानी किती, का नुसताच चुना कालवलाय, आपल्याला काय कळणार?" दूधवाला गवळी हे भाषण इतक्या वेळा ऐकून बसलाय, की साडू गावाला गेले असले तर तो स्वतःच नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. एकदा मी गमतीनं म्हणालो, "साडूसाहेब, म्हशीनं काय खाल्लंय ते कुठं समोर आहे?" झालं! त्यांचा पेला हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते गवळ्याच्या गोठ्यावर पेंडीची पोती बघायला हजर. मला गवळ्यानं अजून माफ केलेलं नाही.

बाहेर हे असलं. घरी त्याहून कहर. कायद्यात म्हटलंय की प्रत्येक कचेरीनं लोकांनी मागायच्या आधीच आपली माहिती आपणहून जाहीर करावी. साडू म्हणाले, सुरुवात घरापासून. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी काळा फळा टांगला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जन माहिती अधिकारी : सौ.' त्याखाली आक्कानं रोजची माहिती जाहीर करायची. आज भाजी दोडका. उद्या वांगं, मंडईत मिळाल्यास. गॅसची टाकी केव्हा लावली. लोणच्याची बरणी कुठं. आक्का सुरुवातीला चिडायची, पण ती काही कमी नाही. पंधरा दिवसांत तिनं फळ्यावर लिहिलं, 'घरमालकांनी ओला टॉवेल गादीवर टाकला. नित्याप्रमाणे.' पाहुणेरावळे येऊन फळा वाचायचे. साडूंना ते पुसताही येईना, कारण जाहीर माहिती पुसणं हा गुन्हा, हे त्यांनीच तिला शिकवलेलं.

माझ्या थोरल्या मुलीची सोयरीकसुद्धा ह्यांच्या धाकानं जमली. स्थळ कागलकडचं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण बघून गेल्यावर त्यांच्याकडून होकार नाही की नकार नाही. आम्ही आपले फोनकडं डोळे लावून बसलेलो. साडूंना हे कळलं तेव्हा ते मला न सांगता कागलला गेले. मुलाचे वडील एका कचेरीत नोकरीला. दारात साडूंना बघून त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हीच का ते वकील?" साडू नम्रपणे म्हणाले, "मीच. गडबड न्हाय. होकार असला तर तसं सांगा. नकार असला तर कारणं तेवढी लेखी द्या." संध्याकाळच्या आत होकार आला, वर साखरपुड्याची तारीख तुम्हीच धरा असा निरोपही आला. जावई लाखात एक निघाला, हा भाग वेगळा. साडू अजून मोठ्या अभिमानानं सांगतात, अपिलात न जाता निकाली निघालेलं हे त्यांचं एकमेव प्रकरण.

अपिलावरून आठवलं. कायद्यात जसं माहिती नाकारली की वरच्या साहेबाकडं अपील करता येतं, तसं घरातही असावं असं त्यांच्या डोक्यात आलं, आणि 'सरकारी कामाचा अनुभव' ह्या एकाच गुणावर त्यांनी मला त्यांच्या घरचा अपिलीय अधिकारी नेमलं. माझ्यापुढं चाललेलं पहिलं प्रकरण नळीचं. रविवारी मटण केलेलं, आणि रस्स्यात नळ्या किती होत्या आणि त्या कुणाच्या ताटात गेल्या ही माहिती साडूंनी मागितली. आक्कानं फळ्यावर उत्तर दिलं, 'माहिती उपलब्ध नाही.' साडू अपिलात आले. मी दोन्ही बाजू ऐकल्या, तांबडा-पांढरा रस्सा दोन्ही वाट्या रिकाम्या केल्या आणि निकाल दिला की नळ्या खाल्ल्या गेल्यामुळे मूळ अभिलेख नष्ट झाला आहे, सबब अपील फेटाळण्यात येत आहे. खरं सांगायचं तर दोन नळ्या माझ्याच ताटात आल्या होत्या. आक्काला न्यायालयीन कामाची चांगली जाण आहे.

तर असा हा माणूस. आता जी गोष्ट सांगणार आहे ती थोडी वेगळी आहे, पण ती सांगितल्याशिवाय साडू पुरे होत नाहीत.

चंदगड तालुक्यातल्या एका वाडीचे मास्तर त्यांच्याकडं आले होते. वाडीत आणि शाळेत एक ओढा. पावसाळ्यात चंदगडचा ओढा म्हणजे काय चीज असते, हे मी तिथं बदलीवर काढलेल्या दिवसांत बघितलंय. त्या ओढ्यावर साकव हवा, म्हणजे माणसांना चालत जाण्यापुरता लहानसा पूल, असा वाडीनं अर्ज केला होता. कचेरीचं उत्तर आलं की साकव अस्तित्वात असून सुस्थितीत आहे. मास्तर ते उत्तर हातात धरून म्हणाले, "साहेब, मी रोज पोरं दोराला धरून पलीकडं नेतो. दप्तरं माझ्या डोक्यावर. हा साकव मला एकदा दाखवा हो, लई उपकार होतील." साडूंनी त्यांना पाणी दिलं, वकीलपत्र लिहिलं आणि फीचं नाव काढलं तर दाराबाहेर काढीन म्हणाले. मास्तरांनी काजू आणले होते, ते साडूंनी नाकारले. आक्कानं मागच्या दारानं घेतले. एवढ्या लांबून डोक्यावरून आणलेला माल परत पाठवणं तिला माणुसकीला धरून वाटलं नाही.

हे प्रकरण लई दिवस चाललं. आधी कचेरीवाले म्हणाले, माहिती ठेकेदाराची आहे, देता येत नाही. मग म्हणाले, फाइल सापडत नाही. साडू पंचा बांधून गेले आणि भलत्याच गावाच्या रुमालातून ती शोधून काढली. तिच्यात साकव बांधल्याची मोजमापं होती, पुढं त्याच साकवाच्या डागडुजीचीही होती. शेवटी अपिलात वरच्या साहेबांनी हुकूम दिला, की कचेरीचा इंजिनिअर आणि अर्जदार दोघांनी मिळून जागेवर जाऊन साकव बघावा आणि पंचनामा करावा. तारीखही धरून दिली. साडू त्या संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना दूध पाजत सुटले. "पावणं, आयुष्यभर पेलेच तपासले. आता पयल्यांदा म्हस बघायला चाललोय!"

आणि त्याच आठवड्यात कोर्टाचा जिना चढताना मधल्या पायरीवर ते बसले.

एकटेच डॉक्टरकडं गेले. कुणाला नेलं नाही. घरी आल्यावर आक्कानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणाले, "ठीक हाय." एवढंच! ज्या माणसानं मंडईतल्या वांग्याचासुद्धा पुरावा मागितला, तो दोन शब्दांत तोंडी निकाल देऊन आंघोळीला गेला. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा ठीक हाय. जेवताना विचारलं, झोपताना विचारलं. साडूंनी विषय बदलला, पेपर तोंडासमोर धरला, शेवटी आवाज चढवला. तो आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. कारण मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं: डॉक्टरांचं म्हणणं घरात कळलं असतं तर आक्कानं त्यांना चंदगडला जाऊ दिलं नसतं. पण घरात कळू न देता साडू गेले आणि त्या डोंगरात, पावसात, चिखलात काही झालं तर? माझ्या बायकोनं मला सुनावलं, "तुमी तिकडं नुसतं हसायला जातासा. माझ्या बहिणीचा जीव टांगणीला लागलाय."

मग आक्कानं अर्ज केला.

रीतसर केला. कोऱ्या कागदावर, दहाचं तिकीट लावून. 'आपण डॉक्टरांकडे गेला असता डॉक्टर काय म्हणाले, याची माहिती मिळावी. सदर माहिती जीविताशी संबंधित असल्याने अठ्ठेचाळीस तासांत मिळावी.' ही सवलत कायद्यात आहे, आणि ती आक्काला शिकवली कुणी, हे सांगायला नको. साडूंनी अर्जावर पोच दिली. सवयच ती! पण दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या मागं उत्तर लिहिलं : 'माहिती वैयक्तिक स्वरूपाची असून तिच्यात व्यापक जनहित नाही, सबब नाकारण्यात येत आहे.' हे वाक्य सरकारनं त्यांच्याविरुद्ध जन्मभर वापरलं होतं. त्या वाक्याचा त्यांना एवढा राग, की एकदा ते वाचून त्यांनी चहाची कपबशी भिरकावली होती. तेच वाक्य स्वतःच्या हातानं बायकोला लिहून दिलं.

आक्का अपिलात माझ्याकडं आली.

सुनावणी त्यांच्याच बाहेरच्या खोलीत. मी खुर्चीवर, आक्का पलंगाच्या कडेला, साडू उभे. माझ्या पुढ्यात उभं राहून बोलायची त्यांना सवय. आणि काय बोलले महाराजा! घराचं गुपित, माणसाचं खाजगीपण, डॉक्टर आणि रोग्यातला विश्वास, एकामागून एक मुद्दे असे काही मांडले, की सरकारी वकिलानं वही घेऊन शिकायला बसावं. मला हसू आवरेना. "साडूसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं लढलात. सरकारनं तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं." तेही हसले. मग माझं लक्ष आक्काच्या हातांकडं गेलं. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती. मी हसायचा थांबलो.

"आक्का, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय म्हननं? मी काय वकील हाय?" ती खाली बघूनच बोलली. "रोज सांजचं कट्ट्यावर जाऊन भाषण करत्यात. म्हस समोर पायजे, धार समोर पायजे. मग मी काय परकी हाय? माझ्याच घरात मला पडद्यामागं बसवायचं? मी आता जेवत न्हाय, झोपत न्हाय. रात्री उठतो आनि ह्यांचा श्वास चाललाय का बघतो." (आमच्याकडं बायकाही उठतो-बघतोच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

मी निकाल दिला. अपील मान्य. माहिती आत्ता, इथं द्यावी.

साडू टेबलाकडं वळले आणि पेन शोधायला लागले. "देतो. लेखी देतो."

"लेखी नको," आक्का म्हणाली. "तोंडी सांगा."

मी त्या माणसाला इतक्या साहेबांपुढं बघितलंय, पण असा अडकलेला कधी बघितला नव्हता. पेन हातात तसंच. मग हळूहळू सांगितलं. रक्तवाहिन्या तुंबल्यात. लवकरात लवकर ऑपरेशन करायला सांगितलंय. जिना नाही, चढ नाही, प्रवास तर नाहीच.

"हे मला म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "डॉक्टरांची नर्स माझ्या भिशीतली हाय. त्याच दिवशी कळलंतं."

"मग अर्ज कशाला केलास?" साडू ओरडलेच.

"तुमच्याकडनं ऐकायचं होतं म्हनून. आनि माहिती अजून अपुरी हाय. अजून काय लपवलायसा?"

साडू खुर्चीत बसले. खिशातलं ते पातळ पुस्तक उगाच बाहेर काढलं, परत आत ठेवलं. स्वयंपाकघरातून माझ्या बायकोच्या कपबश्यांचा आवाज तेवढा येत होता. मग ते आक्काकडं बघून म्हणाले, "भ्या वाटतंय गं. लई भ्या वाटतंय."

आक्का उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मग हे आधी सांगायला काय झालतं?" एवढंच म्हणाली. मी निकालपत्र वगैरे काही लिहिलं नाही. चपला घातल्या आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. मलाही डोळे पुसायचे होते.

ऑपरेशनची आणि साकवाची तारीख अशी लागून आली, की साडू दवाखान्यात आणि पंचनामा चंदगडात. मग जाणार कोण? मी गेलो. आयुष्यभर सरकारचं मीठ खाल्लेला माणूस मी, निवृत्तीनंतर वकिलाचं अधिकारपत्र खिशात घालून सरकारच्या समोर उभा राहायला चाललो होतो. पाऊस असा, की छत्री हातात आहे एवढंच समाधान. मास्तर, इंजिनिअर आणि मी, तिघं ओढ्याच्या काठाकाठानं चिखल तुडवत निघालो. इंजिनिअर तरुण होता, नवा बदलून आलेला, बिचाऱ्याचा दोष काही नव्हता. हातातला नकाशा भिजून लगदा झाला तरी तो इकडंतिकडं बघत म्हणत होता, "इथंच कुठं तरी असायला पाहिजे." शेजारच्या वाफ्यात भाताची लावणी चाललेली. एका म्हातारीनं कंबर सरळ करून विचारलं, "काय हुडकतासा, पावणं?"

"साकव," मी म्हणालो.

"त्यो व्हय? त्यो कागदावर हाय म्हनं," ती म्हणाली. "कागद आणलासा काय? आना, ओढ्यावर टाकूया, आनि जाऊया पलीकडं."

इंजिनिअर हसला आणि मग त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. मास्तरांच्या शाळेत बसून त्यानं पंचनामा लिहिला. 'जागेवर साकव आढळून आला नाही.' खाली मी सही केली आणि लगेच नक्कल मागून घेतली.

पंचनाम्याची नक्कल आणि फोनमधले फोटो घेऊन मी तडक दवाखाना गाठला. साडू शुद्धीवर आले होते, छातीवर पट्टी, चेहरा एवढासा. मी नक्कल त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, हा घ्या पुरावा, सही-शिक्क्यासकट. त्यांनी बोटानंच तो कागद बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे ते," ते पुटपुटले. "तोंडी सांगा."

मी सांगितलं. पाऊस, चिखल, म्हातारी, सगळं. म्हातारीच्या बोलण्यावर ते हसायला गेले आणि टाके दुखले म्हणून आक्कानं मलाच दरडावलं.

पुढच्या पावसाळ्याआधी साकव झाला. खराखुरा, लोखंडी कठड्याचा. साडूंनी तो अजून बघितलेला नाही, आणि आता बघणारही नाहीत. घाटाचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय. कोर्टही सुटलं, रेकॉर्डरूमचा ब्रश आक्कानं देवघरातली धूळ झटकायला घेतला. फळा आहे, भाजी लिहिलेली असते. मी वरचेवर मास्तरांकडं जाऊन येतो आणि आल्यावर साडूंच्या गॅलरीत बसतो. ते नेहमी म्हणतात, "सांगा पावणं. पोरं कशी गेली?" मी सांगतो, पोरं उड्या मारत गेली, एकानं मधेच थांबून कागदाची होडी सोडली, मास्तरांचं डोकं आता मोकळं असतं. ते डोळे मिटून ऐकतात आणि "झ्याक" म्हणतात.

हल्ली मी मुद्दाम थापा मारतो. परवा सांगितलं, की साकवावर इंजिनिअर स्वतः येऊन लेझीम खेळून गेला. त्याआधी सांगितलं, की गावच्या म्हशीसुद्धा आता शिस्तीत डाव्या बाजूनं साकव ओलांडतात. वाटतं, आता तरी भुवई वर जाईल, खिशाकडं हात जाईल, आणि विचारतील, "कोण म्हणतं? त्याची नोंद कुठं हाय?" पण ते नुसतं हसतात, माझ्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बरं झालं बगा." आतून आक्का दुधाचा पेला आणून देते, आणि तो माणूस, पेल्यात न बघता, पिऊन टाकतो.